हनवते पाणी प्यायला गेला नव्हता

गंगाधर हनवते कुठल्याही नव्या जागी गेला की आधी पावलं मोजायचा. ऑफिसच्या फाटकापासून साहेबांच्या दारापर्यंत एक्केचाळीस. साहेबांच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत नऊ. कुणाच्या लग्नाला गेला तरी मांडवात शिरताना त्याचे ओठ हलताना दिसायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा काहीतरी पुटपुटतोय. तो मोजत असायचा.

नांदेडला आमच्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तो अनुरेखक होता. इंजिनिअर लोकांनी काढलेले कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर उतरवायचं त्याचं काम. मी त्याच ऑफिसात कारकून. एकवीस वर्षं आमची टेबलं शेजारीशेजारी होती.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा, प्रतिमाचा, फोन आला. ती बिलोलीला शाळेत शिकवते. हनवतेला जाऊन वर्ष होत आलं आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक छोटी पुस्तिका काढायची, त्यात जुन्या सहकाऱ्यांनी दोन-दोन पानं लिहावीत, असं तिच्या मनात आहे. "काका, सगळ्यात जास्त वर्षं तुम्हीच पप्पांजवळ होता," ती म्हणाली. मी हो म्हणालो. मग तिनं विचारलं, "काका, एक विचारू का? त्या दिवशी पप्पा खरंच पाणी प्यायला गेले होते का?"

मी म्हणालो, लिहून पाठवतो.

हे दोन पानांत बसणारं नाही. पुस्तिकेत छापायचं की नाही ते प्रतिमानं ठरवावं. मी लातूरला मुलाच्या घरी बसून लिहितो आहे. समोर बायको लसूण सोलते आहे. काय लिहिता म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "लिहा. पण कपाचं बी लिहा." तेही लिहीन.

हनवते दिसायला कुणाच्या नजरेत भरावा असा नव्हता. किरकोळ अंग, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली. पेन्सिलीला टोक करायला अर्धं ब्लेड वापरायचा. पेन्सिल बोटात धरता येईनाशी झाली की ते थोटूक बामच्या रिकाम्या बाटलीत टाकायचा; अशा चार बाटल्या त्याच्या ड्रॉवरमध्ये होत्या. जेवायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सही केली की सहीखाली घड्याळ बघून वेळ लिहायचा. पगारपत्रकावरसुद्धा. पुढं लेखापाल त्याच्या सहीखाली जादा जागा सोडायला लागले.

'अंदाजे' या शब्दाचा त्याला राग होता. कुणी टिपणीत 'अंदाजे शंभर मीटर' लिहिलं की विचारायचा, "अंदाजे म्हंजे कोण गेलं होतं?" आणि एक वाक्य तो वरचेवर म्हणायचा: "जिथं मी उभा न्हाई, तिथली रेघ मी मारत न्हाई." इंजिनिअरांना याचा त्रास व्हायचा. हा गडी सुट्टीच्या दिवशी सायकल काढून कालव्यावर जायचा आणि सोमवारी येऊन सांगायचा की साहेब, तुमच्या नकाशात मोरी हाय तिथं मोरी न्हाई. एकदा खरोखरच मोरी नव्हती. तेव्हापासून साहेब कुठलाही नकाशा पुढं पाठवण्याआधी विचारायचे, "हनवतेनं बघितला का?"

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकायचो. मी बी.कॉम. झालेला, तो दहावी आणि वर एक ड्रॉइंगचा कोर्स. औसा तालुक्यात माझ्या वडिलांची चांगली जमीन होती. हनवतेसारख्यांची माणसं आमच्या शेतात राबायची, हे मी विसरलो नव्हतो. नोकरीला लागलो त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करायचो. तो मला शेवटपर्यंत तुम्ही म्हणाला. मला ते बरोबरच वाटायचं. तरी साहेब मला कधी विचारत नव्हते की बिराजदारनं बघितलं का. माझं टंकलेखन ऑफिसात सगळ्यात स्वच्छ होतं, त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं असेल तर शपथ.

आता कपाचं. आम्ही तरोड्याला घर बांधायला घेतलं तेव्हा जुन्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर अडचणीचं होतं, नवं तरी नीट व्हावं अशी बायकोची इच्छा होती. ती म्हणाली, तुमच्या ऑफिसातल्या नकाशावाल्यांना विचारा. हनवते रविवारी घरी आला. जुनं स्वयंपाकघर आधी मोजतो म्हणाला, म्हणजे कुठं अडतं ते कळेल. माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. तिनं चहा केला. आम्हाला स्टीलच्या पेल्यांत आणि त्याला दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या कपात. त्या कपाचा कान तुटलेला होता. हनवतेनं चहा घेतला, कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवला आणि मोजायला लागला.

दोन दिवसांनी त्यानं जुन्या स्वयंपाकघराचा नकाशा आणून दिला. सुंदर नकाशा. चूल, ओटा, मांडणी, पाण्याचा माठ, डब्यांची फळी, सगळं मापात. दाराबाहेर त्यानं कोनाडाही काढला होता आणि त्यात एक बारीक गोल, शेजारी त्याच्या टपोऱ्या अक्षरात: 'कप, १, पाहुण्यांचा.'

मला संताप आला. ऑफिसात मी त्याला विचारलं, "हे कशाला काढलंस?"

"तिथं होता म्हणून काढला," तो म्हणाला. आवाजात राग नाही, काही नाही.

बायकोनं तो कप त्याच दिवशी टाकून दिला. पुढच्या वेळी हनवते नव्या ओट्याची मापं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला आमच्या पेल्यात चहा दिला आणि आईशी आठवडाभर अबोला धरला. नव्या घरात ओटा त्याच्याच मापानं झाला. आलेल्या प्रत्येक बाईला ती सांगायची की आमच्या यांच्या ऑफिसातल्या हनवतेभाऊंनी काढून दिला. मी कर्ज काढून घर बांधलं होतं. कौतुक मात्र ओट्याचं व्हायचं.

पोलिसांना पंचनाम्यासाठी दोन पंच लागतात. जे दिसलं ते बघायचं आणि खाली सही करायची, एवढंच पंचाचं काम. बाहेरची माणसं पुढं कोर्टात फिरतात, म्हणून ठाण्यातून सरकारी कार्यालयांना पत्र येतं की दोन कर्मचारी पाठवा. असं पत्र आलं की आमचं ऑफिस एकदम ओस पडायचं. कुणाला दाताचा दवाखाना आठवायचा, कुणाच्या घरी पाहुणे आलेले असायचे. हनवते जागेवरून हलायचा नाही. आणि त्याच्या शेजारी बसतो म्हणून मीही सापडायचो. असे आम्ही दोघं बऱ्याचदा गेलो. कागदावर तो पंच क्रमांक एक आणि मी पंच क्रमांक दोन. वयानं मी मोठा, पण तो दारातून आधी शिरायचा आणि जमादार त्याचं नाव आधी लिहायचा. तेवढंही मला टोचायचं.

पहिल्या वेळी विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याचा पंचनामा होता. जमादारानं तो ठाण्यातच लिहून ठेवला होता. माल बांधून सील करताना लावायच्या चिठ्ठ्याही कोऱ्याच पुढं केल्या. सह्या करून मोकळे व्हा, म्हणाला. मी पेन काढलं. हनवते म्हणाला, "विहीर बघू की आधी."

जमादारानं कपाळाला हात लावला, पण आम्हाला नेलं. विहिरीवर हनवतेनं पावलं मोजली, कागद वाचला आणि म्हणाला, "हितं पूर्वेला लिंबाचं झाड लिहिलंय. ही बाभळ हाय."

"झाड ते झाड हो, हनवते."

"लिंबाखाली बसून बघा मग," हनवते म्हणाला, "आणि बाभळीखाली बसून बघा."

जमादार हसला आणि त्यानं लिंब खोडून बाभूळ केलं. त्यानंतर हनवते ठाण्याच्या पायऱ्या चढताना दिसला की आतून आवाज यायचा, "आले बाबा. आज जेवण उशिरा." त्या आवाजात वैताग होता आणि आपुलकीही होती. माझ्याबद्दल दोन्ही नव्हतं.

ज्या दिवसाबद्दल प्रतिमानं विचारलं, तो पुढं काही वर्षांनी आला. ठाण्याचं आणि फौजदाराचं नाव मी लिहीत नाही. माझी चूक दुसऱ्याच्या नावावर चढायला नको.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं होतं. उत्कृष्ट कर्मचारी म्हणून पुढच्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला जिल्ह्यातर्फे प्रमाणपत्र मिळायचं, त्यासाठी हनवतेची शिफारस होती. 'अत्यंत सचोटीचे, अचूक व विश्वासार्ह.' हे शब्द मी माझ्या हातानं टाइप केले. एकही चूक केली नाही.

दुपारी ठाण्यातून पत्र आलं आणि आम्ही दोघं गेलो. गांजा घेऊन एक माणूस येणार अशी पोलिसांना खबर होती. एका बसथांब्यामागं, रसवंतीपासून थोडं अलीकडे, आम्ही फौजदाराबरोबर उभे राहिलो. माणूस आला. त्याचं नाव लक्ष्मण. सायकलवर पेटी बांधून खारी-टोस्ट विकायचा. शिपायांनी त्याला धरलं, सदरा वर केला आणि पोटाला फडक्यानं बांधलेली दोन पाकिटं काढली. गांजाच होता. हे सगळं दोन-तीन मिनिटांत झालं. हनवते लक्ष्मणपासून चार पावलांवर होता, मी त्याच्या उजव्या हाताला. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता.

ठाण्यात कागद तयार झाले. जप्तीच्या पंचनाम्यावर हनवतेनं तो पूर्ण वाचून सही केली, खाली वेळ लिहिली. मग फौजदारानं दुसरा कागद पुढं सरकवला. अंमली पदार्थांच्या कायद्यात एक नियम आहे. संशयिताच्या अंगाची झडती घेण्याआधी त्याला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायला लावण्याचा तुला हक्क आहे. हे सांगितलंच नाही, तर अंगावर जे सापडलं ते कोर्ट पुराव्यात धरत नाही, माल अगदी खरा असला तरी. त्या कागदावर लिहिलं होतं की असा हक्क लक्ष्मणला झडतीआधी, दोन्ही पंचांसमक्ष, समजावून सांगितला आणि त्यानं नको म्हटलं.

हनवतेनं कागद वाचला. "हे कधी विचारलं, साहेब?"

"तिथंच विचारलं की."

"मी होतो तिथं. मला ऐकू आलं न्हाई."

"तुमच्या कानाचं काय असंल. हे बिराजदार साहेब तर सही करून राहिले."

मी सही करून राहिलो होतो, हे खरं. हनवतेनं माझ्याकडे पाहिलं नाही. कागद परत सरकवला आणि उठला.

परत येताना आम्ही पायी आलो. मी त्याला विचारलं, गांजा निघाला की नाही?

"निघाला. ते बी सांगीन की कोर्टात."

"मग त्याला सोडवायचंय का तुला?"

"मी कोण सोडवणारा? विचारलं न्हाई, एवढं सांगणार. धरायचं का सोडायचं ते जज साहेब बघतील."

"एका वाक्यापायी गांजा विकणारा सुटला तर?"

"मग ते वाक्य बोलायचं होतं त्यांनी. किती वेळ लागतो?" तो चालता चालता म्हणाला. "आज ह्याला न विचारता हात घातला. उद्या मला घालतील." ऑफिसचं फाटक आल्यावर म्हणाला, "तुम्हाला न्हाई घालणार, बिराजदार."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं फक्त आम्ही दोघं कुठं उभे आहोत ते मोजून सांगितलं होतं. पण मला ते त्या कान तुटलेल्या कपासारखं लागलं.

खटला उभा राहिला. हनवते काय सांगणार हे कळल्यामुळे सरकारी बाजूनं त्याला साक्षीला बोलावलंच नाही, मला बोलावलं. फौजदारानं मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. हक्क सांगितला होता असं म्हणायचं. आणि कागदावर दुसऱ्या पंचाची सही का नाही असं विचारलंच, तर नजरचुकीनं राहिली म्हणायचं.

लक्ष्मणला विधी सेवेकडून एक तरुण वकीलबाई मिळाल्या होत्या. त्यांनी मला तो कागद दाखवला आणि विचारलं, हनवतेंची सही इथं का नाही? जज साहेबांनीही कागद मागून घेतला आणि चष्मा वर करून बघितला. माझी सही त्या कागदावर ठळक होती. ती कुणालाच दिसत नव्हती. सगळे त्याची नसलेली सही बघत होते.

मी म्हणालो, "हनवते तेव्हा तिथं नव्हता. पाणी प्यायला रसवंतीवर गेला होता. झडती सुरू झाल्यावर आला."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं ऑफिसातले लोक समजून गेले की बिराजदारवर पोलिसांचा दबाव होता. माझ्या बायकोलाही तसंच वाटत आलं. तसं नाही. हक्क सांगितला हे खोटं पोलिसांचं होतं, मी ते उचललं. पाण्याचं खोटं माझं एकट्याचं होतं. फौजदारसुद्धा चमकून माझ्याकडे बघायला लागला होता. जो माणूस उभा असल्याशिवाय रेघ मारत नाही, तो तिथं उभाच नव्हता असं मी शपथेवर सांगितलं, आणि सांगताना मला छातीत हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

वकीलबाईंनी मग हनवतेला बचावाचा साक्षीदार म्हणून बोलावलं. तो पांढरा बुशशर्ट इस्त्री करून आला. बरोबर त्या जागेचा नकाशा होता. बसथांबा, सायकल, लक्ष्मण, फौजदार, दोन शिपाई, मी आणि तो. रसवंती बासष्ट पावलांवर. सरकारी वकिलांनी विचारलं, हा नकाशा घरी बसून काढला का? "हाव," तो म्हणाला, "घरी काढला. पावलं तिथं मोजली." कोर्टात लोक हसले.

"तुम्ही पाणी प्यायला गेला होता?"

"न्हाई साहेब."

"बिराजदार शपथेवर सांगतात की गेला होता. मग ते खोटं बोलले का?"

मी मागच्या बाकावर बसलो होतो. हनवतेनं जरा विचार केला. मग म्हणाला, "ते मी कसं सांगू? त्यांच्या डोक्यात मी उभा नव्हतो."

लक्ष्मणला शिक्षा झाली. निकालात एक वाक्य आलं की पंच क्रमांक एक हे झडतीपूर्वी काही वेळ घटनास्थळी हजर नव्हते, आणि स्वतःच काढलेल्या नकाशावर विश्वास ठेवता येत नाही.

आरोपीच्या बाजूनं बोलणाऱ्या कर्मचाऱ्याची शिफारस साहेबांना परत घ्यावी लागली. ते पत्रही मीच टाइप केलं. प्रमाणपत्र ऑफिसच्या ड्रायव्हरला मिळालं. मला मिळालं नाही याचं मला काही वाटलं नाही. हनवतेला मिळालं नाही, मला तेवढं पुरलं.

ऑफिसात मात्र माझं वाक्य माझ्या हाताबाहेर गेलं. हनवते जागेवर नसला की कुणीतरी विचारायचं, कुठं गेले? आणि तीन टेबलांवरून उत्तर यायचं, "पाणी प्यायला." मग हसणं. नवीन लागलेली पोरंही म्हणायला लागली. त्यांना कारणही माहीत नव्हतं. हनवते कधी चिडला नाही. त्यानं घरून स्टीलची बाटली आणायला सुरुवात केली. ती टेबलावर उजव्या कोपऱ्यात असायची. त्यानंतर ऑफिसच्या माठाकडे तो गेलेला मी पाहिला नाही.

पुढं त्याची इस्लापूरकडे एका साइटवर बदली झाली. जाताना बामच्या बाटल्या त्यानं ड्रॉवरमध्ये तशाच सोडल्या. माझ्याशी नीट बोलून गेला. "माझ्या टेबलावर फायली ठेवू नका, पाय मोडकाय त्याचा," एवढं सांगितलं. त्याचं टेबल रिकामं झालं आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. साहेब माझ्याकडे वळले नाहीत. नकाशा आला की म्हणायचे, हनवते पाहिजे होता.

चार वर्षांनी वरच्या कोर्टानं लक्ष्मणला सोडलं. हक्क सांगितल्याच्या कागदावर एकाच पंचाची सही, वेळेचा पत्ता नाही. तेव्हा हक्क सांगितला हे सिद्ध होत नाही, आणि म्हणून ती दोन पाकिटं पुराव्यात धरता येत नाहीत. हनवतेनं जी सही केली नाही, तिच्यावर माणूस सुटला. कोण पाणी प्यायला गेलं होतं यात शिरण्याची गरज नाही, असं मात्र त्या निकालात लिहिलं होतं. म्हणून ते वाक्य खालच्या कोर्टाच्या निकालात तसंच राहिलं. प्रतिमानं ते वाचलं असणार.

लक्ष्मण सुटल्यावर ऑफिसात आला. मी ओळखलं नाही, इतका वाळला होता. त्यानं मला ओळखलं. "तुम्ही ते दुसरे साहेब," म्हणाला. मी खुर्ची मागं सरकवली. तो काही बोलेल, शिव्या देईल, असं वाटलं. त्यानं पिशवीतून खारीचं एक पुडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "हनवते साहेबाला द्या. म्हणावं लक्ष्मण आला होता."

बदली झाली आहे, मी पोचवतो, असं मी सांगितलं. इस्लापूरला आमची गाडी आठवड्यातून दोनदा जायची. मी ते पुडकं घरी नेलं. बायकोनं चहा केला आणि आम्ही दोघांनी ती खारी खाल्ली. ती म्हणाली, चांगली खुसखुशीत आहे, कुणी दिली? मी म्हणालो, ऑफिसातल्या एकानं. चार वर्षं तुरुंगात काढलेला माणूस सुटून आला आणि हनवतेसाठी खारी घेऊन आला, हेसुद्धा मला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी हयातीच्या दाखल्यासाठी लातूरहून नांदेडला गेलो. पेन्शनचं खातं अजून तिथंच आहे. बँकेत ही गर्दी. माझ्या पुढं दोन माणसं सोडून हनवते. केस पांढरे, पण पाठ ताठ, दातही सगळे जागेवर. माझे कधीच गेले. हातात तीच स्टीलची बाटली, पोचा पडलेली.

यंत्रावर त्याचा अंगठा लागेना. त्यानं पुसून लावला, फुंकर घालून लावला. पेन्सिल धरून धरून त्याची बोटं गुळगुळीत झाली होती. शेवटी काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, कागदी फॉर्म भरा, तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का इथं? हनवतेनं वळून पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हे हायेत. एकवीस वर्षं बाजूला बसलेत."

फॉर्मवर छापलेलं होतं: 'सदर निवृत्तिवेतनधारक आज माझ्यासमोर हजर आहेत.' मी सही केली. मग का कोण जाणे, घड्याळ बघून सहीखाली वेळ लिहिली. हनवतेनं फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, नेहमीसारखा. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढं हाय, बिराजदार."

मी म्हणालो, "हनवते, त्या दिवशी..."

त्यानं बाटली कानाशी हलवली. रिकामी होती. "थांबा," तो म्हणाला, "पाणी पिऊन येतो."

तो हसला की नाही ते मला नक्की सांगता येत नाही, आणि अंदाजे लिहायचं नाही. तो कूलरकडे निघाला. तेवढ्यात माझ्या टोकनचा नंबर पुकारला. मी तो जाऊ द्यायला हवा होता. मी काउंटरवर गेलो, अंगठा लावला, माझा पहिल्या फटक्यात लागला. वळलो तेव्हा तो गेला होता. दीड महिन्यानं त्याची बातमी आली.

प्रतिमा, स्वयंपाकघराचा नकाशा सोबत पाठवतो आहे. माझ्या बायकोनं तो जपून ठेवला होता. कप त्यात आहे. आणि तू विचारलंस त्याचं उत्तर हे. तुझे पप्पा त्या दुपारी लक्ष्मणपासून चार पावलांवर उभे होते. मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. झडती सुरू होण्याआधीपासून ती संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. खटल्यानंतर पाणी प्यायला जाताना मी त्यांना पाहिलं ते फक्त बँकेत, पाठमोरे, हातात पोचा पडलेली बाटली, ओठ हलत असणार. काउंटरपासून कूलरपर्यंत बावीस पावलं होती. ते गेल्यावर मी मोजली.